मान हलवणाऱ्या बाहुल्यांची सुनावणी

आषाढातल्या एका दुपारी ती आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता, की कुणीतरी तिच्या घरच्यांबद्दल काहीतरी वाईट बोललंय.

"मामी, माझ्या कोलूच्या बाहुल्यांना ते खेळणी म्हणताहेत," ती म्हणाली.

कुंभकोणममध्ये माझ्या वयाच्या, नऊवारी नसली तरी काठाचं साधं सुती लुगडं नेसणाऱ्या बाईला सगळे मामीच म्हणतात. मी मराठी आहे हे तिला ठाऊक होतं, पण त्याने तिला काही फरक पडत नव्हता. तिचं बाजारात सणाच्या वस्तूंचं दुकान होतं. ती ख्रिस्ती. नाताळच्या चांदण्या, कागदी झुंबरं, दिवाळीची तोरणं, नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या, सगळं ती एकाच छताखाली विकायची. तिच्याशी माझी ओळख गिऱ्हाईक म्हणूनच होती. मी काय काम करते हे तिला माझ्या नणंदेने सांगितलं होतं.

माझं काम थोडक्यात असं. परदेशातून बंदरात आलेल्या प्रत्येक वस्तूला कस्टम्सच्या टॅरिफ पुस्तकात एक जागा शोधावी लागते. जागा ठरली की तिच्यावरचा कर ठरतो, आणि तिला कुठल्या परवानग्या लागतील तेही ठरतं. ती जागा शोधायचं काम मी आयुष्यभर केलं. आधी न्हावा शेवाला एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात, आणि आता इथे घरी बसून, चेन्नईच्या एका फर्मसाठी. माझे यजमान गेल्यावर मी मुंबईकडचं घर आवरलं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीपाशी, वन्संपाशी, राहायला आले. आम्ही दोघी इथल्याच. शेकडो वर्षांपूर्वी तंजावरच्या दरबारामागून आलेल्या मराठी घरांमधल्या. फरक इतकाच, की मी मधली तीस-एक वर्षं महाराष्ट्रात काढली, आणि तिथल्या लोकांनी हसून हसून माझी भाषा बदलून टाकली. वन्संची भाषा जशी होती तशीच राहिली.

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मोबाइलवरचा मजकूर वाचला. तिचा कंटेनर चेन्नई बंदरात आला होता. तिचं पहिलंच परदेशी मागवणं. त्यात नाताळचा माल होता: चमचमत्या माळा, प्लास्टिकची झाडं, गोठ्यातल्या बाळ येशूचे देखावे. तो सगळा सुटला होता. पुस्तकात नाताळच्या सजावटीला तिची स्वतःची ओळ आहे, नाव घेऊन लिहिलेली. नवरात्राला तशी ओळ नाही. कोलूच्या बाहुल्या "इतर सणांच्या वस्तू" या मोघम ओळीत बसवाव्या लागतात, आणि त्या तिथे बसतात हे पटवून द्यावं लागतं. हिच्या कागदांत कुणीतरी नुसतं "डॉल्स" असं लिहिलं होतं. खोक्यांवर तमिळमध्ये "बोम्मै" असं छापलेलं. बोम्मै म्हणजे बाहुली, आणि बोम्मै म्हणजे खेळणंही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं होतं: ही खेळणी का समजू नयेत?

"समजू देत की," ती म्हणाली. "कर थोडा जास्त लागेल, एवढंच ना?"

"एवढंच नाही, अम्मा. खेळण्यांना मानक-चिन्ह लागतं. बनवणाऱ्या कारखान्याकडे त्याचा परवाना लागतो. तो नसेल तर माल आत येतच नाही. परत पाठवा, नाहीतर नष्ट करा."

नष्ट हा शब्द मी तमिळमध्ये उच्चारला तेव्हा ती खुर्चीवर मागे टेकली.

"त्या माझ्या नवऱ्याच्या बाहुल्या आहेत," ती म्हणाली.

मला आधी अर्थ कळला नाही. मग तिने सांगितलं. तिचा नवरा मातीच्या बाहुल्या करणारा कारागीर. बाप करायचा, आजा करायचा. त्यांच्या घरात ऑगस्टपर्यंत दशावतार, मीनाक्षीचं लग्न, देवळाची मिरवणूक असं चालायचं आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत मरिया, योसेफ, मेंढरं, तीन राजे. तेच हात, तीच माती. काही वर्षांपूर्वी त्या हातांना कंपवात झाला. आधी डोळे रंगवता येईनात, मग बोटं, मग साचाही धरता येईना. गिऱ्हाइकं त्याच्याच बाहुल्या मागत होती, आणि करणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी आखातात नर्स. तेव्हा हिने चेन्नईच्या एका एजंटामार्फत त्याच्या शेवटच्या संचाचे फोटो आणि काही नग चीनमधल्या एका कारखान्यात पाठवले. तिथे त्यांची प्लास्टिकमध्ये हुबेहूब नक्कल निघाली.

"त्यांना विचारलं होतंत?"

"विचारलं. ते म्हणाले, कर तुला करायचं ते." तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "ते कशालाच नाही म्हणत नाहीत आजकाल."

*

पट्टीश्वरमच्या वाटेवर त्यांचं घर होतं. समोर अंगण, बाजूला एक लांब शेड, आणि शेडमध्ये भिंतीला टेकून ठेवलेले प्लास्टरचे साचे, गोणपाटाखाली झाकलेले. तो ओसरीवर बसला होता. उंच, सावळा, गळ्यात बारीक साखळीला क्रूस. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवलेला. मी समजत होते की तो खिन्न असेल, नाहीतर कडवट. तो तसा नव्हता. नुसता हळू होता. प्रत्येक शब्द उचलून आणावा लागत असल्यासारखा.

त्याला मी तोच प्रश्न विचारला, जो अधिकारी मला विचारणार होता. बाहुली आणि खेळणं यात फरक काय?

त्याने बराच विचार केला. "वजन," तो म्हणाला.

बायको वैतागली. "अहो, तसं नाही. मामी कायद्याचं विचारताहेत."

"कायद्याचं मला काय माहीत?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "कोलूची बाहुली खाली बसवली की तिथेच बसली पाहिजे. मूल घेऊन पळतं ती बाहुली वेगळी. तिला हलकं करावं लागतं."

मी हे वहीत टिपलं नाही, पण लक्षात ठेवलं. आमच्या पुस्तकाच्या टिपांमध्ये वजनाचा काही संबंध नाही. तिथे असं पाहतात, की वस्तू कशासाठी घडवली, कधी वापरतात, आणि सण संपला की तिचं काय होतं. पण तो जे म्हणाला ते त्याहून फार दूर नव्हतं.

निघताना त्याच्या बायकोने मला कंटेनरमधल्या मालाचे फोटो दाखवले. मिरवणुकीचे संच, लग्नाचे संच, वाण्याचं दुकान, दशावतार. आणि शेवटी मान हलवणारी बाहुली. तंजावरकडे तिला तलैयाट्टी म्हणतात. धड वेगळं, डोकं वेगळं, तारेवर टांगलेलं. बोटाने टिचकी मारली की ती बराच वेळ मान डोलवत राहते. नाचाच्या पोशाखातली एक बाई, डोळे खाली झुकलेले, ओठांच्या एका कडेला हसू.

"हे त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम," ती म्हणाली. "बाकीचं मी धंद्यासाठी मागवलं, मामी. ह्या त्यांच्यासाठी. पुन्हा कुणाच्या घरी त्या असाव्यात म्हणून."

*

सुनावणी व्हिडिओवर होणार होती. आता कस्टम्सची तपासणी "फेसलेस" झालीये. माल चेन्नईत आणि अधिकारी देशाच्या भलत्याच टोकाला असू शकतो. ज्या माणसाने कोलू कधी पाहिलाच नाही त्याला कोलू म्हणजे काय हे सांगायचं, तर नुसतं बोलून भागणार नव्हतं. मी फोटो गोळा करायला लागले. शेजाऱ्यांकडून, फर्मच्या माणसांकडून. पण फोटोत सगळं सपाट दिसतं. पायऱ्यांवर बाहुल्या, पुढे रांगोळी, समोर बायका बसलेल्या. एखाद्या दुकानातली मांडणीही तशीच दिसते.

घरात बाहुल्या होत्या. माळ्यावर, लाकडी पेट्यांमध्ये, जुन्या धोतरांच्या फडक्यांत गुंडाळलेल्या. हे गेले त्या वर्षी सुतकामुळे कोलू मांडला नाही. पुढच्या वर्षी मांडायला हरकत नव्हती. मी काही बोलले नाही, वन्संनीही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. इथे कोलूला पायऱ्या ठोकायचं काम यांच्याकडे असे. नोकरीत असताना नवरात्राला सुट्टी काढून ते इकडे येत, सदऱ्याच्या बाह्या वर करत, आणि वन्सं त्यांना लहान मुलावर ओरडावं तशा ओरडत. मला त्या पेट्यांकडे जायचंच नव्हतं.

पण वन्संनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. वन्सं म्हणजे निवृत्त संगीत शिक्षिका, बारीक अंगाच्या, पाठ ताठ. लग्न केलं नाही. या घरात त्यांचा शब्द चालतो तो त्या फारसं बोलत नाहीत म्हणून. सकाळी मी चहा करत असताना त्यांनी विचारलं, "पेट्या काढायच्या आहेत, असं कां नाही म्हणत?"

"आषाढात कसा मांडणार कोलू, वन्सं?"

"आषाढांत कोलू मांडणें बरें नव्हे," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर नको. मेजावर ठेव. मेजावर ठेवल्या तर तो कोलू नव्हे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सुनावणीसाठी मी कितीतरी परिच्छेद लिहिले होते, पण त्यात हे इतकं सरळ आलं नव्हतं. बाहुली तीच. पायरीवर चढली की सण, मेजावर ठेवली की नुसती ठेवलेली.

शेजारच्या घरातल्या गृहस्थांनी पेट्या खाली उतरवून दिल्या. फडकी सोडायचं काम आम्ही दोघींनी केलं. पहिल्याच फडक्यात मरप्पाची निघाली, रक्तचंदनाची ती काळपट जोडी, नवरा आणि नवरी, जी लग्नात मुलीला माहेराहून देतात. माझी होती ती. त्यातल्या नवऱ्याच्या डोक्याला यांनी कधीतरी बांधलेली जरीची पट्टी अजून तशीच होती, गाठ मारलेली. मी खाली बसले. वन्संनी माझ्या हातातून जोडी घेतली, पदराने पुसली आणि मेजावर ठेवली. मग त्यांनी पुढचं फडकं सोडलं. दुपारपर्यंत मेज भरलं.

*

सुनावणीच्या दिवशी तो कारागीर आणि त्याची बायको आमच्याकडे आले. तिने त्याला इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. लॅपटॉप मी अशा ठिकाणी ठेवला की मेज दिसेल. वन्सं बाजूच्या खुर्चीत बसल्या, जणू कुणाची मुलगी दाखवायची आहे.

पडद्यावर अधिकारी आला. तरुण होता. मागे कोरी भिंत. तो हिंदीत बोलत होता, शांत आवाजात, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा त्याने बरंच वाचलं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकाच अध्यायात खेळणीही आहेत आणि सणाच्या वस्तूही. बाहुली म्हटली की पुस्तक आधी खेळण्यांकडे बोट दाखवतं. शिवाय मुलांच्या हाती लागणाऱ्या वस्तूंबाबत नियम कडक आहेत, कारण स्वस्त रंगात काय असतं कुणास ठाऊक, आणि मूल ते तोंडात घालतं. "मॅडम, माझ्या घरी दोन वर्षांची मुलगी आहे," तो म्हणाला. "मी हा प्रश्न हलकेपणाने विचारलेला नाही."

मी माझं म्हणणं मांडलं. कोलू म्हणजे काय, कुठल्या दिवसांत, कुठल्या घरांत. बाहुल्या संचात का येतात, सुट्या का नाही. सणानंतर त्या कुठे जातात. कॅमेरा मेजाकडे वळवला. त्याने एकेक नीट पाहिली. मिरवणुकीतल्या रथाबद्दल विचारलं, वाण्याच्या दुकानातल्या गोण्यांबद्दल विचारलं.

"लहान मुलांना हात लावू देतात?"

मी वन्संना विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही. आम्हांस हातावर मार मिळायचा."

मी ते हिंदीत सांगितलं. तो थोडा हसला. त्या क्षणी मला वाटलं, बहुतेक सुटलं.

मग त्याने समोरच्या कागदांतून मान वर केली. "या एका प्रकाराबद्दल विचारायचंय. मान हलते तो. हाही कोलूत ठेवतात?"

"ठेवतात," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "पायऱ्यांच्या बाजूला. पुष्कळ घरांत."

"ही रचना कुणाची?"

मी कारागिराकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्याने त्याला नमस्कार केला. "त्यांना विचारा, ही पहिली बाहुली त्यांनी कुणासाठी बनवली होती?"

मी तमिळमध्ये विचारलं. त्याच्या बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. तिला कळलं होतं. मलाही.

तो बोलायला लागला, आणि नेहमीपेक्षा जास्त बोलला. "माझ्या मुलीसाठी. जेवायची नाही ती. हिने खूप प्रयत्न केले. मग मी ही केली. तिच्यासमोर ठेवायची, टिचकी मारायची, आणि विचारायचं, भात खायचा का? बाहुली हो म्हणायची. मग मुलगी खायची. सबंध दिवस घेऊन फिरायची तिला. झोपताना पण. तिच्यासाठी हलकी केली होती, कागदाच्या लगद्याची. नंतर लोक मागायला लागले, त्यांच्या मुलांसाठी." तो थांबला, श्वास घेतला. "खेळायचीच बाहुली आहे ती."

अधिकारी वाट बघत होता. त्याला तमिळ येत नव्हतं. त्या वाक्याला त्याच्यापर्यंत जायला माझ्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

मी ते सांगितलं. सगळं. भात, टिचकी, झोपताना पण. शेवटचं वाक्यही, त्याच्याच शब्दांत.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग त्याने कारागिराकडे बघून हिंदीत म्हटलं, "धन्यवाद." त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

*

निर्णय आठवड्याभरात आला. संच सगळे सणाच्या वस्तू म्हणून सुटले. मान हलवणाऱ्या बाहुल्या खेळण्यांत गेल्या. मानक-चिन्ह नसल्यामुळे त्यांना प्रवेश नाही. परत पाठवता येतील, नाहीतर खात्याच्या देखरेखीखाली नष्ट कराव्या लागतील. अपील करता आलं असतं. मी तिला ते सांगितलं आणि हेही सांगितलं, की अपिलात मी काय मांडणार ते मला सुचत नाहीये.

ती उभी होती, दाराशी. आत आली नाही.

"एवढं एक वाक्य," ती म्हणाली. "मामी, तेवढं एक वाक्य तुम्ही गाळू शकला असतात. त्याला काय कळणार होतं?"

"नाही कळलं असतं."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. माझ्या धंद्यात माणसं आपल्या वस्तूबद्दल कमी सांगतात, जास्त सांगतात, वेगळं सांगतात, आणि मी ते ऐकून ऐकून थकलेली होते. आणि समोर एक माणूस बसला होता, ज्याचे हात गेले होते, आवाज जात होता, आणि तरी त्याने इतकी वाक्यं जोडून आणली होती. ती मी मध्येच कशी अडवणार? हे मी तिला म्हटलं नाही. मी फक्त म्हटलं, "त्यांनी ते सांगितलं होतं, अम्मा."

ती गेली. त्यानंतर तिच्या कामाचे निरोप मला फर्मकडून यायला लागले, तिच्याकडून नाही.

परत पाठवायला कारखाना तयार नव्हता. नष्ट करायचं ठरलं. त्यानंतर एका सकाळी फोन आला, आणि पलीकडे तो कारागीर होता. मला आधी वाटलं फोन लागला नाहीये, इतका वेळ शांतता होती.

"मला तिथे यायचंय," तो म्हणाला. "बघायला."

"कशाला तो त्रास?"

"माझ्या आहेत त्या."

मी परवानगी काढली. मालकाच्या प्रतिनिधीला हजर राहता येतं. आम्ही पहाटेच्या गाडीने चेन्नईला निघालो, तो, त्याची बायको आणि मी. गाडीत ती माझ्या समोर बसली होती आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. त्याला इडली मात्र तिने माझ्या डब्यातली भरवली, कारण तिने आणलेल्यात चटणी तिखट होती. आमच्यात त्या दिवशी तेवढंच काय ते बोलणं झालं, "घेऊ का?" आणि "घ्या."

बंदराजवळचं कंटेनरचं गोदाम म्हणजे एक मोठं उघडं पटांगण. काँक्रीट तापलेलं. खात्याचे दोघं अधिकारी, पंच म्हणून दोन माणसं, एक कागद धरणारी मुलगी, आणि एका बाजूला रोडरोलर उभा. त्यांनी कारागिराला सावलीत खुर्ची दिली. तो बसला नाही.

फोर्कलिफ्टने खोकी आणली आणि माणसांनी ती कापून बाहुल्या जमिनीवर ओतायला सुरुवात केली. आडव्या, उभ्या, एकमेकींवर. फोर्कलिफ्ट जवळून गेली की जमीन थरथरायची आणि त्या सगळ्यांच्या माना हलायला लागायच्या. पटांगणभर. डोळे झुकलेले, ओठांच्या एकाच कडेला हसू, आणि मान हलते आहे. हातातलं काम थांबवून एक मजूर बघत राहिला. मुकादम त्याला काहीच बोलला नाही.

कारागीर पुढे झाला. अधिकाऱ्याजवळ जाऊन त्याने विचारलं, एक मिळेल का?

अधिकारी वयस्कर होता, इकडचाच. त्याने दुसरीकडे बघितलं. "अय्या," तो आदराने म्हणाला, "एकही देता येत नाही. मोजून नष्ट झाल्याचं लिहावं लागतं."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

पण अधिकाऱ्याने एक बाहुली उचलून त्याच्या हातात दिली. फक्त धरायला. त्याच्या हातांच्या थरथरीने तिची मान टिचकीशिवायच हलायला लागली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, तळ बघितला, चेहऱ्यावर अंगठा फिरवला. त्याची बायको त्याच्या मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"रंग चांगला बसलाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "डोळे ज्याने काढलेत त्याला काम येतं."

त्याने ती परत दिली. रोलर सुरू झाला. प्लास्टिक फुटताना जो आवाज येतो तो मोठा नसतो. वाळलेली पानं तुडवल्यासारखा असतो. संपेपर्यंत तो उभा राहिला. मग पंचांच्या सह्या झाल्या, मी सही केली, आणि आम्ही रिक्षाने स्टेशनवर आलो.

*

संच भाद्रपदात दुकानात लागले आणि नवरात्राआधी संपले. लोक म्हणत, अगदी त्याचाच हात दिसतो. तो दुकानात एका कोपऱ्यात बसलेला असायचा. कुणी त्याला दाखवायला बाहुली आणली तर तो ती हातात घेऊन वजन बघायचा आणि परत द्यायचा. चांगलं वाईट काही म्हणायचा नाही.

आमच्या घरी मेजावरच्या बाहुल्या वन्संनी पेटीत परत टाकू दिल्या नाहीत. पातळ फडकं घालून त्या तशाच राहिल्या, आणि नवरात्र आलं तेव्हा त्यांनी एका सुताराला बोलावून पायऱ्या ठोकून घेतल्या. मी मदत केली. यांची जागा कुणी भरून काढली असं मी म्हणणार नाही. सुतार त्याचं काम करून गेला. पायऱ्या जरा डावीकडे कलत होत्या, आणि आम्ही त्या तशाच ठेवल्या.

नाताळ झाला, पोंगल आला, आणि पोंगलच्या नंतरच्या आठवड्यात तो गेला. झोपेत. आखातातून मुलगी आली, मी तिला पहिल्यांदा पाहिलं. उंच, बापासारखी. चर्चमध्ये वन्सं आणि मी मागच्या बाकावर बसलो. वन्सं आयुष्यात पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या होत्या आणि चपला कुठे काढायच्या म्हणून दारात घोटाळल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं, काढायची गरज नाही. त्यांनी काढल्याच. गाणी सुरू झाली तेव्हा त्यांचं बोट मांडीवर ताल धरत होतं, त्यांच्याही नकळत. मुलीने कॉफिनमध्ये काय ठेवलं ते मला मागून दिसलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

तिची आई त्यानंतर फाल्गुनात आमच्याकडे आली. मला वाटलं पुढच्या वर्षाच्या मालाबद्दल असेल. ती ओट्यावर बसली, वन्संनी तिला कॉफी दिली, आणि बराच वेळ ती उन्हाबद्दल आणि विजेच्या लपंडावाबद्दल बोलली. कॉफी संपल्यावर तिने पेला उलटा करून ठेवला.

"मामी, तुमच्यावर मी खूप रागावले होते."

"माहीत आहे."

"त्यांना सांगितलं मी नंतर. मामींनी ते वाक्य गाळायला हवं होतं म्हणून." ती आपल्या हातांकडे बघत होती. "ते म्हणाले, त्यांनी गाळलं असतं तर मी पुन्हा म्हणालो असतो. मला म्हणाले, ती खेळायचीच होती हे तुलाही ठाऊक आहे. तूच तिला रोज भरवायचीस."

मी तिचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"हो, मीच भरवायचे," ती म्हणाली.

यंदा ती बाहेरून माल मागवणार नव्हती. शेडमधले साचे तिने उघडले होते. पट्टीश्वरममधली एक बाई मातीकाम जाणणारी मिळाली होती, तिला डोळे काही जमत नव्हते, पण बाकी बरं जमत होतं. पुढे काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं.

निघताना वन्संनी तिला थांबवलं. त्या दिवशी एकादशी होती आणि त्यांना गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जायचं होतं. दुकानाची गाडी बाहेर उभी होती. ती म्हणाली, या, सोडते. वन्सं टाळ पिशवीत घालून पुढच्या सीटवर बसल्या. गाडी वळेपर्यंत त्यांच्यातलं बोलणं मला ऐकू येत होतं. एकीचं तमिळ, दुसरीचं जुनं मराठी. काही वेळ तिला वन्संचं काहीही कळत नव्हतं, मग वन्सं तमिळवर आल्या.